आठ बारांची चाल

पुणे, रविवार, रात्र

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्राला सात महिने उत्तर दिले नाही आणि आज लिहितो आहे तेही स्वार्थापोटी, हे आधीच कबूल करतो. गुडघा आहे तसाच आहे, साखर औषधांवर आहे. तब्येतीचा विषय संपला.

गेल्या मंगळवारी पहाटे तीनच्या सुमारास मला एक चाल सुचली. आठ बारांची, म्हणजे नोटेशनमधल्या आठ छोट्या आवर्तनांची. (आठ बार म्हटल्यावर तुला भलतेच आठवेल, म्हणून सांगतो, हे सगळे कोरडे होते.) तीस वर्षे दुसऱ्यांच्या गाण्यांना इंट्रो आणि इंटरल्यूड लिहिणाऱ्या माणसाला स्वतःची चाल सुचणे म्हणजे काय, हे तुझ्याखेरीज कुणाला कळणार? सकाळी हिला पेटीवर वाजवून दाखवली. "छान आहे, पण कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते," एवढे म्हणून ती दूध तापवायला गेली आणि माझी झोप उडाली ती आजतागायत.

तेव्हापासून फ्रेंच संगीतकार मिशेल लग्रां डोक्यातून हलत नाही. तोही आमच्यातलाच, अरेंजर म्हणून, म्हणजे दुसऱ्यांच्या चालींना वाद्यांनी सजवणारा म्हणून नावारूपाला आलेला. वडील वाद्यवृंद चालवणारे, पॅरिसच्या संगीत विद्यालयात नादिया बुलांजेबाईंची शिस्त, आणि बाविसाव्या वर्षी, म्हणजे 1954 साली, पॅरिसवरच्या गाण्यांची त्याने सजवलेली ध्वनिमुद्रिका अमेरिकेत लाखोंनी खपली. मोबदला काय, तर एकरकमी 200 डॉलर! (आपल्याकडे तेवढेही वेळेवर मिळत नाहीत, पण ते असो.) 1958 मध्ये न्यूयॉर्कला त्याने जाझची ध्वनिमुद्रिका केली, तेव्हाही चाली इतरांच्याच होत्या. मात्र मांडणी अशी, की माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन या जाझमधल्या दिग्गज वादकांच्या शेजारी त्याने चक्क हार्प, ते तारांचे नाजूक वाद्य, बसवली. त्यातला, मूळ फॅट्स वॉलरचा तो वॉल्ट्झ, तीन मात्रांची ती नृत्यधून, तू आणि मी किती वेळा ऐकला असेल! तू तेव्हा म्हणायचास, की अरेंजर हा दुसऱ्याच्या मुलीला दागिने घडवून देणारा सोनार; मुलगी त्याची कधीच होत नाही. मी आपल्या हिंदी चित्रपटांतल्या अरेंजर सेबॅस्टियन डिसोझांचे नाव पुढे करायचो, शंकर-जयकिशनच्या गाण्यांतले ते व्हायोलिन काढून टाक आणि मग काय उरते ते पाहा, असे बजावायचो, आणि तू चहाचे पैसे न देता निघून जायचास.

मग 1964 साली दिग्दर्शक जाक दमीचा तो शेरबूरच्या छत्र्यांचा चित्रपट आला, लग्रांच्या स्वतःच्या चालींचा. त्यात एकही वाक्य नुसते बोललेले नाही, पेट्रोल पंपावर "सुपर की साधे?" हा प्रश्नसुद्धा गाऊनच विचारला जातो. त्यातली ती विरहाची चाल मी परवा पुन्हा कागदावर उतरवून पाहिली. एकच छोटी सुरावट तो घेतो आणि जिना उतरावा तशी प्रत्येक पायरीवर खाली ठेवत जातो; ती तीच असते, पण खालचे कॉर्ड, म्हणजे साथीचे स्वरसमूह, बदलत राहतात आणि दुःख वाढत जाते. मला वाटते, हे केवळ अरेंजरलाच सुचू शकते. दागिना आणि मुलगी तिथे वेगळी करताच येत नाहीत. (व्हायोलिनची साखर त्याच्याकडून अनेकदा जास्त पडते, हे मात्र मी मान्य करतो.)

पण माझ्या जिवाला खरा घोर आहे तो लग्रांच्याच 'विंडमिल्स ऑफ युवर माइंड' या गाण्याचा. आठवते ना ते भांडण? 1968 च्या त्या गाण्याला ऑस्कर मिळालेले, आणि तू होस्टेलवर मोझार्टच्या व्हायोलिन-व्हायोलाच्या कॉन्चेर्तान्ते या वाद्यरचनेमधला संथ भाग कॅसेटवर लावून "बघ, चोर पकडला!" म्हणून नाचलास. तीन आठवडे आपण बोललो नव्हतो. सुरुवातीचे सूर जुळतात हे मला तेव्हाही ऐकू येत होते. मी ते कबूल करत नव्हतो, इतकेच. पुढे ती चाल स्वतःभोवती गिरक्या घेत जिथे जाते, तिथे मोझार्ट कुठेच नाही, असे माझे आजही मत आहे. पण हे लग्रांबद्दल म्हणणे सोपे आहे. ज्या चित्रपटासाठी ते गाणे होते, त्याचे कितीतरी तास लांबीचे कच्चे संकलन पाहून त्याने दिग्दर्शकाला सांगितले, की मी आधी संगीत लिहितो, तुम्ही नंतर त्याबरहुकूम चित्रपट कापा. आणि तसेच झाले. एवढी छाती माझ्यात कुठली? माझ्या डोक्यात तर तीस वर्षांची परकी गाणी कोंबलेली आहेत. त्यांतले कुठले पहाटे तीनला माझे म्हणून बाहेर आले, ते मलाच ओळखू येत नाही.

सुनबाईंचे बाळंतपण नीट पार पडले ना? नागपूरच्या घराचा व्यवहार झाला का? वहिनींना नमस्कार सांग.

सोबत नोटेशनचे पान जोडले आहे. विशेषतः पाचवा बार बघ. तिथे कोमल निषादावरून मी खाली येतो ते कुणाचे तरी आहे, असा मला दाट संशय आहे. तुझ्यासारखा चोर पकडणारा दुसरा कुणी मला ठाऊक नाही. चोरीचे निघाले तर कुणाचे ते स्पष्ट सांग, भीड धरू नकोस. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला वादक बोलावले आहेत, त्याआधी कळव. फोन केलास तरी चालेल, फक्त गाऊन दाखवू नकोस. तुझा षड्ज अजूनही चढलेलाच असणार.

तुझा,
माधव