नागिणीसाठी आलो होतो, आपण आईची कंबर पाहिलीत

आदरणीय डॉक्टरबाई,

सप्रेम नमस्कार.

आईची शस्त्रक्रियेनंतरची तपासणी नुकतीच पार पडली. कमरेवरच्या जखमेच्या जागी किंवा जांघेतल्या लसिकाग्रंथींच्या गाठींमध्ये त्वचेचा कर्करोग परतल्याचे कोणतेही चिन्ह नाही, असे सर्जनसाहेबांनी सांगितले. आपल्याला हे फोनवरूनही कळवता आले असते. पण आपल्या दवाखान्यात आमच्या बाबतीत जे घडले ते सातारा जिल्ह्यातल्या, आणि बाहेरच्याही, इतर घरांना ठाऊक असावे असे आम्हां सर्वांना वाटते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आपल्या इच्छेप्रमाणे आपले नाव मात्र त्यात घातलेले नाही.

आम्ही आलो होतो वडिलांसाठी. त्यांच्या पाठीच्या कण्यापासून उजव्या बरगडीखालून पोटापर्यंत पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उठला होता आणि सदऱ्याचा स्पर्शही त्यांना सोसवत नव्हता. गावाने निदान आधीच केले होते: नागीण. कोणी गेरूचा लेप सुचवला, कोणी मंत्र घालणाऱ्याचा पत्ता दिला, आणि नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस वाचत नाही, हे तर येणाऱ्या प्रत्येकाने सांगितले. आपण त्या भीतीला हसला नाहीत, याचे मला फार मोल वाटते. आपण कागदावर मणका आणि त्यातून दोन्ही बाजूंना निघणाऱ्या नसा काढून दाखवल्यात. लहानपणच्या कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळांशी दडून राहतो, वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती उणावली की एखाद्या नसेच्या वाटेने त्वचेवर येतो, आणि ती नस शरीराच्या मध्यरेषेपाशी संपत असल्यामुळे फोडांचा पट्टा सहसा एकाच बाजूला राहतो, हे ऐकल्यावर वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत औषध सुरू झाले तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो, म्हणून आपण त्याच दिवशी अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू केलेत: 800 मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून 5 वेळा, 7 दिवस. त्याआधी मधुमेहाची चौकशी करून मूत्रपिंडासाठी रक्त तपासलेत. घरात गरोदर सून आहे हे कळताच, तिला कांजिण्या येऊन गेल्या आहेत का हे विचारलेत आणि फोडांवर खपल्या धरेपर्यंत तिला वडिलांपासून दूर ठेवायला सांगितलेत. फोड सुकल्यानंतरही त्या पट्ट्यात काही काळ कळा येऊ शकतील हे आधीच सांगितल्यामुळे, त्या आल्या तेव्हा आम्ही घाबरलो नाही.

इथवर जे झाले ते उत्तम वैद्यकीय कामच होते. परंतु हे पत्र लिहायला लावणारी गोष्ट त्यानंतरची आहे.

आई भिंतीजवळच्या स्टुलावर बसली होती. तिच्या नावाचा केसपेपर नव्हता, तिची काही तक्रारही नव्हती. औषधे लिहिता लिहिता आपली नजर तिच्याकडे गेली. तिचा हात पदराखाली कमरेशी पुन्हा पुन्हा जात होता. "तिथे काय होतंय, मावशी?" असे आपण विचारलेत. "काही नाही, नाडीचा काच आहे," असे ती म्हणाली. बाहेर रुग्णांची रांग असतानाही आपण वडिलांना बाहेर बसवलेत, पडदा ओढलात आणि तिची कंबर पाहिलीत. परकराची नाडी वर्षानुवर्षे जिथे आवळली जात होती तिथे काळपट, जाड झालेल्या कातडीचा पट्टा होता, मधे मधे पांढरे डाग होते, आणि डाव्या बाजूला कठीण, उचललेल्या काठांची एक जखम होती. ती आईने आम्हां मुलींनाही दाखवली नव्हती. पुरुष डॉक्टरसमोर कंबर उघडी करणे तर तिच्या कल्पनेतही बसणारे नव्हते. हळद आणि औषधाच्या दुकानातून आणलेले मलम एवढ्यावरच ती दिवस काढत होती.

आपण आणखी एक मलम लिहून दिले नाहीत. महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेचा तुकडा तपासल्याशिवाय तिच्यावर काहीही लावू नये, असे स्पष्ट सांगून आपण जागा बधिर केलीत आणि जखमेच्या काठाचा छोटा तुकडा काढून बायॉप्सीला पाठवलात. अहवालात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग, निघाला.

आईने पहिला प्रश्न विचारला तो, "माझ्या हातून काय पाप झालं?" हा. त्यावर आपण तिला दिलेले उत्तर आमच्या घरात आजही सांगितले जाते. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 मध्येच धोतर जिथे आवळले जाते तिथे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाविषयी लिहून ठेवले आहे. काश्मीरमध्ये फिरनच्या, म्हणजे सैल लांब झग्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर असाच रोग होतो. आणि 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्क स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली, त्यांतली एक परकराशिवाय लुगडे घट्ट नेसणारी होती, हे सारे आपण तिला तिच्या भाषेत समजावलेत. सततचे घर्षण, घाम आणि ओल यांनी कातडी सोलत राहते, भरत राहते, पुन्हा सोलते, आणि अशा जुन्या जखमेत क्वचित कर्करोग उद्भवतो. क्वचित, हा शब्द आपण दोनदा उच्चारलात. नाडीचा वळ असलेल्या प्रत्येक बाईने धास्ती घ्यावी असे आपल्याला मुळीच वाटत नव्हते. माझ्या मते ही माहिती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर असायला हवी, कारण साडी नेसणाऱ्या बायकांना ती दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

पुढचे उपचार पुण्यात झाले, पण त्याची वाट आपणच आखून दिलीत. जांघेतल्या गाठींची सोनोग्राफी आधी करून घेतलीत, कॅन्सर सर्जनना स्वतः फोन केलात. जखमेभोवतीची निरोगी कातडीही काढावी लागेल आणि तिथे मांडीची कातडी बसवावी लागेल, हे आईला आधीच सांगितलेत. केस जाण्याची तिला सर्वांत मोठी भीती होती. गाठींपर्यंत न पोचलेल्या अशा रोगात शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार असतो आणि केमोथेरपी सहसा लागत नाही, हे आपल्या तोंडून ऐकल्यावरच ती तयार झाली. काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त असल्याचा अहवाल आला, तो तिने आम्हांला आधी आपल्यालाच वाचून दाखवायला लावला.

नाडीऐवजी रुंद पट्ट्याचा परकर, तो रोज एकाच जागी न बांधता थोडा वर-खाली बांधणे, आणि घरात सैल गाऊन, हे आपले सगळे सांगणे ती काटेकोरपणे पाळते. वडिलांची आग शमली आहे. आता रात्री झोप लागते.

शेवटी आईचा निरोप. आपण बायकांसाठी कधी शिबिर घेतलेत तर ती स्वतः येऊन बोलायला तयार आहे. बचत गटाच्या बैठकीत तिने हे आधीच सांगितले आहे, आणि तिथल्या एका बाईच्या कमरेवर न भरणारी जखम असल्याचे त्यामुळे कळले. त्यांना घेऊन आम्ही येत्या सोमवारी येत आहोत. पडद्याआड थोडा जास्त वेळ द्यावा, अशी विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
त्या दिवशी स्टुलावर बसलेल्या मावशींची थोरली मुलगी