पट्ट्या कोऱ्या ठेवल्याबद्दल

प्रिय बाई,
सप्रेम नमस्कार.

अपूर्णांकांसाठी तुम्ही करून दिलेला पट्ट्यांचा संच आणि त्यासोबतचं टिपण आम्ही तिसरी-चौथीला वापरतो. ‘छान आहे’ एवढं म्हणून आभार फिटणार नाहीत. नेमकं काय कामी आलं ते लिहितो, म्हणजे हे पत्र वाचणाऱ्या कोणालाही तसा संच करता येईल.

पहिले आभार २४ सेंटिमीटरचे. पट्टी २४ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद. चोविसाला २, ३, ४, ६, ८ आणि १२ ने पूर्ण भाग जातो, म्हणून तुकडे १२, ८, ६, ४, ३ आणि २ सेंमीचे होतात. साध्या फूटपट्टीने खुणा करून भागतं. अखंड पट्टी धरून सात पट्ट्या, सात रंग, ३६ तुकडे. तेच २० सेंमीची पट्टी घेतली, तर तिसरा भाग ६.६६ सेंमीचा येतो आणि तीन तुकडे एकापुढे एक लावले की शेवटी फट राहते. आपण तिकडे काणाडोळा करतो. मूल मात्र ‘तीन तिसरे भाग मिळून पूर्ण एक होत नाही’ असं शिकतं, आणि पुरावा त्याच्या समोरच असतो.

चकत्यांऐवजी पट्ट्या निवडल्यात तेही बरं झालं. गोलाचे तीन भाग करा म्हटलं की मुलं सरळ दोन उभ्या रेघा मारतात. तिन्ही भागांची रुंदी सारखी असते, पण मधला सुमारे ४२ टक्के आणि कडेचे २९-२९ होतात.

तुकड्यांवर काहीही लिहू नका, हा तुमचा हट्ट सुरुवातीला गैरसोयीचा वाटतो. पण १/४ छापलेला तुकडा हातात आला की मूल लांबी बघायचं सोडून आकडे वाचतं, आणि आठ चारापेक्षा मोठे म्हणून १/८ मोठा ठरवून टाकतं. कोरा तुकडा शेजारी ठेवून मापावाच लागतो. शिवाय ६ सेंमीचा तुकडा २४ च्या पट्टीचा पाव आहे, पण १२ सेंमीचा तुकडा ‘एक’ मानला तर तोच अर्धा. ‘कशाचा अर्धा?’ हा प्रश्न कोऱ्या तुकड्यामुळेच निघतो.

घड्यांसाठी साधा पातळ कागद घ्या, कार्डशीट नको, हेही खरं. जाड कागदाची आतली घडी आखूड पडते. तीनदा अर्धी घडी घातली की किती भाग होतील, असं उघडण्याआधी विचारायचं. बहुतेक उत्तरं ‘सहा’ येतात; उघडल्यावर आठ निघतात. पाच भाग मात्र अशा अर्ध्या-अर्ध्या घड्यांनी साधत नाहीत. त्यासाठी तुमची वहीच्या रेघांची युक्ती: एक टोक पहिल्या रेघेवर, दुसरं सव्विसाव्या रेघेवर येईल अशी पट्टी तिरकी ठेवायची आणि सहाव्या, अकराव्या, सोळाव्या, एकविसाव्या रेघेपाशी खूण करायची. सगळ्या खुणा पट्टीच्या एकाच कडेवर हव्यात. एक खूण वरच्या कडेला, दुसरी खालच्या कडेला केली की भाग लहानमोठे होतात.

ही पाच भागांची पट्टी बेरजेत उपयोगी पडते. १/२ + १/३ = २/५ असं कोणी लिहिलं तर खोडायचं नाही, मांडायला सांगायचं. पाचातले दोन भाग ९.६ सेंमी भरतात, म्हणजे नुसत्या अर्ध्यापेक्षाही कमी! मग १२ आणि ८ सेंमीचे तुकडे जोडायचे आणि त्यांच्याखाली एकाच रंगाचे तुकडे बसवून बघायचे. चौथे भाग बसत नाहीत, आठवे बसत नाहीत, सहावे मात्र पाच बसतात. समच्छेद हा शब्द त्यानंतर सांगितला तरी चालतो.

सगळ्यात जास्त आभार मात्र शब्दांसाठी. ३/४ ला ‘चारपैकी तीन’ म्हणायची सवय लावली की ५/४ ला गाडी अडते. चारपैकी पाच कसे घेणार? तुम्ही पाव मोजायला लावलेत. एक पाव, दोन पाव म्हणजे अर्धा, तीन पाव म्हणजे पाऊण, चार पाव म्हणजे एक, पाच पाव म्हणजे सव्वा. पट्टी संपली तरी मोजणी थांबत नाही, शेजारी दुसरी पट्टी जोडली की झालं. पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, घोकणाऱ्या पिढीला हे शब्द तोंडपाठ होते, लांबी तेवढी दिसत नव्हती.

‘पावणेदोन’ तरीही फसवा. त्यात ‘दोन’ ऐकू येतो, म्हणून मुलं तो संख्यारेषेवर दोनच्या पुढे मांडतात. दोन पट्ट्या जोडून ४८ सेंमीवर बोट ठेवायचं आणि पाव मागे यायचं, ४२ वर. साडेतीन, साडेचार आलं की मुलं ‘साडेएक’, ‘साडेदोन’ही म्हणतात. त्यांचा तर्क बरोबरच आहे. दीड आणि अडीच हे भाषेचे लाड आहेत, एवढं सांगून पुढे जायचं.

फाशावर पडेल तो तुकडा ठेवत अखंड पट्टी झाकण्याच्या खेळात एक दुरुस्ती सुचवतो. तुमच्या फाशावर १/८ आहे. १/२, १/३ आणि १/८ पडले की २३ सेंमी झाकले जातात, आणि उरलेल्या १ सेंमीसाठी संचात तुकडाच नाही. डाव तिथेच अडकतो. १/८ काढून १/१२ दोन बाजूंवर लिहिला, म्हणजे १/२, १/३, १/४, १/६, १/१२, १/१२, तर प्रत्येक तुकडा २ सेंमीच्या पटीत येतो आणि कुठलीही फट भरता येते. आठव्या भागांसाठी १/२, १/४, १/८ एवढेच दोन-दोनदा लिहिलेला वेगळा फासा ठेवा.

तुमचे,
पट्ट्या वापरणारे शिक्षक