परड्यात भेंडी टोकली

शहापूर, बेळगाव
रंगपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय दत्ता,

तुझा फोन आला तेव्हा हात मातीनं भरलेले होते, म्हणून धड बोललो नाही. बाकी बेळगावात धुळवडीलाच रंग उरकला, आमच्या शहापुरात काल. कानामागचा रंग अजून गेलेला नाही आणि आज सकाळी भेंडीचं बी टोकून झालं.

पुण्यात शेजाऱ्यांनी जानेवारीतच बी टाकलं, तू कसा काय थांबलास, असं विचारत होतास. अरे, भेंडीला ऊब लागते. माती वीस अंशांखाली असली की बी नुसतं फुगून बसतं, कधी कुजतंही. आणि आपल्याकडची थंडी शिवरात्र झाली तरी पहाटे रेंगाळतेच. सकाळी माती बोटाला गार लागेनाशी झाली की माझा मुहूर्त. पंचांग नंतर.

वाण अर्का अनामिका, बंगळूरच्या बागसंशोधन संस्थेचा. पानं पिवळी पाडणाऱ्या हळद्या रोगाला सहजासहजी दाद देत नाही. बी रात्रभर भिजवलं, दोन बोटं खोल नको, पेराभर पुरे. आमच्या परड्यात घर बांधताना खानापूरकडची तांबडी माती भरलीय. पाणी घातलं की तिच्यावर पापडी धरते आणि कोंब खालच्या खाली वाकतो. म्हणून बियांवर माती न ओढता चाळलेलं शेणखतच पसरलं.

कारल्याचं काम खरं नाजूक. कवच टणक, तेव्हा नेलकटरनं टोकाचा जरासा तुकडा उडवायचा, आतला पांढरा गर दिसेल न दिसेल इतकाच. मग ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधून तांदळाच्या डब्याशेजारी ठेवायची. आई रोज ती उघडून बघते, मला हात लावू देत नाही!

दोडक्याचा मांडव मात्र आत्ताच घट्ट बांध, वेल चढल्यावर नाही. एप्रिलात वळीव येतो तो वारा घेऊनच, कधी गाराही. आणि वहिनींना सांग, दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, कारल्या-काकडीची सकाळी. सुरुवातीची बहुतेक नरफुलंच असतात, ती गळाली म्हणून वेल उपटायचा नाही.

कोथिंबिरीचा नाद या दिवसांत सोड, लगेच फुलावर येते. गवारीचं बी माझ्याकडे जास्तीचं आहे, पत्ता कळव, टपालानं धाडतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
विनायक