किकरचा अनुभव वाया जात नाही

महोदय,
आपल्या क्रीडा पुरवणीतील अमेरिकन फुटबॉलवरील लेखात, किकरचे काम चेंडूला लाथ मारण्यापुरते असल्याने निवृत्तीनंतर प्रशिक्षक म्हणून त्याचा फारसा उपयोग नसतो, असे म्हटले आहे. हे मत मला मान्य नाही.

लुइझियाना टेक विद्यापीठाचा किकर ख्रिस बोनिओल पुढे डॅलस काउबॉइजकडून खेळला. १८ नोव्हेंबर १९९६ रोजी ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध त्याने सात फील्ड गोल (लाथेने चेंडू गोलखांबांमधून पार करणे, प्रत्येकी तीन गुण) करून संघाचे सर्वच्या सर्व २१ गुण एकट्याने मिळवले आणि २०१० मध्ये त्याच संघाने त्याला स्पेशल टीम्सच्या (म्हणजे चेंडूला लाथ मारण्याच्या डावांसाठी उतरणाऱ्या खेळाडूंच्या गटांच्या) प्रशिक्षणासाठी परत बोलावले.

फील्ड गोल एकट्या पायाचा नसतोच. स्नॅपर वाकून दोन पायांमधून चेंडू सात-आठ यार्ड मागे फेकतो, होल्डर तो झेलून टेकवतो आणि त्याची शिवण किकरच्या पायाकडे येऊ नये म्हणून बोटांनी फिरवतो, तोवर किकरने पावले उचललेलीही असतात. हे सारे साधारण सव्वा सेकंदात उरकावे लागते. यातला नेमका कोणता दुवा निसटला, हे त्या जागी वर्षानुवर्षे उभा राहिलेला माणूस चटकन ओळखतो. बाल्टिमोर रेव्हन्सला २०१३ मध्ये सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना, जिंकून देणारे मुख्य प्रशिक्षक जॉन हार्बो स्वतः किकर नव्हते, पण त्याआधी फिलाडेल्फियात नऊ वर्षे त्यांनी स्पेशल टीम्सच सांभाळल्या होत्या. लेखात या विभागाचा साधा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले.

– एक वाचक, डॅलस (टेक्सास)