शेडचे पत्रे मृगाच्या आत बदलायचेत, हात लावा

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. रेल्वेच्या न् शेतीच्या जुन्या वस्तू जपून ठेवलेल्या आपल्या शेडचे पत्रे पार सडलेत आणि मृग तोंडावर आलाय.

पण ज्यांनी हे उभं केलं त्यांची आधी आठवण काढू. बारशी लाईट रेल्वेवर गार्ड असलेल्या आपल्या आण्णांनी स्वतःचा सिग्नलचा कंदील दिला, वरचं टोपण फिरवलं की लालची हिरवी काच पुढं येते, अजून अडकत नाही. १९२७ ला ती लाईन मिरजेपर्यंत आली, अडीच फुटी रूळ! ती लाईन बांधणाऱ्या कॅलथ्रॉप इंजिनियर साहेबाचं डोकं बघा, एका आसावर ५ टनाच्या वर वजन पडू द्यायचं नाही हा हिशोब धरून इंजिनं न् वाघिणी (मालाचे डबे) बनवून घेतल्या म्हणून तर एवढ्या हलक्या रुळांवर गाडी चालली. ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही एकाच मिरज जंक्शनात बघितलेली आपलीच पिढी. २०१६ ला दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी गेली तेव्हा टीव्हीवर सगळीकडं मिरज मिरज, पण त्या वाटेवरनं आधी काय धावायचं हे आम्हाला कुणी विचारलं नाही, असो.

आणि पलूसचे काका! आजोबांचा किर्लोस्करांचा लोखंडी नांगर स्वतःच्या टेम्पोत घालून आणला, डिझेलचे पैसे पुढं केले तर रागावले. बेळगावात असताना लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी ज्या नांगराला शिवत नव्हते, त्याच्याच जिवावर लक्ष्मणरावांनी १९१० ला कुंडल रोड स्टेशनजवळ, औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली.

मागच्या पावसात याच नांगरावर रात्रभर पाणी ठिबकत होतं. ग्रुपवर फोटो टाकला, अंगठे चाळीस आले, ताडपत्री धरायला माणसं तीन. एकानं भंगाराचा भाव विचारला, गमतीनंच असेल, पण लागलं.

तर पत्रे, अँगल, मजुरी धरून ६२ हजार लागतील, जमलेत १९. क्यूआर ग्रुपवर पिन केलाय, पावती मिळेल, रोख द्यायचे तर रविवारी १० ते १२ शेडवर या, जुनी पुठ्ठ्याची तिकिटं, बिल्ले, तेलाची झारी असं काही घरात पडलं असेल तर तेपण आणा, वेल्डिंग येणारं कुणी असेल तर पैशाच्या आधी तोच पाहिजे. शेड बंद दिसली तर चावी समोरच्या चहाच्या गाड्यावर असते.

– सेक्रेटरी