प्रेस बाद झाला, पण दोष पाठीचा नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेटलिफ्टिंगमधील प्रेस हा प्रकार (खांद्यांवरचा वजनाचा बार उभ्याने हातांच्या जोरावर डोक्यावर नेणे) कण्याला घातक ठरल्यामुळेच ऑलिंपिकमधून वगळला गेला, असे अनेक व्यायामशाळांत आजही सांगितले जाते आणि त्या भीतीपोटी होतकरू मुलांना उभ्याने बार डोक्यावर नेऊ दिला जात नाही. हे अर्धसत्य आहे.

१९२८ च्या ॲमस्टरडॅमपासून १९७२ च्या म्युनिकपर्यंत प्रेस, स्नॅच (जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यांवर, मग पायांच्या जोराने डोक्यावर) या तिन्हींत उचललेल्या वजनांच्या बेरजेवर पदके ठरत. प्रेसमध्ये बार खांद्यांवर घेऊन पंचाच्या इशाऱ्यासाठी थांबायचे आणि मग गुडघे न वाकवता, पावले न हलवता तो वर न्यायचा, असा नियम होता. मात्र किती मागे झुकणे चालते, हे पंचांच्या नजरेवर सोपवले गेले आणि ती नजर वर्षागणिक सैल होत गेली. कमरेला झटका देऊन, छाती जवळजवळ आभाळाकडे वळवून केलेल्या प्रेसलाही पांढरे दिवे, म्हणजे पंचांची मान्यता, मिळू लागले. म्युनिकमध्ये सोव्हिएत वेटलिफ्टर वासिली अलेक्सेयेव्हने प्रेसमध्ये २३५ किलो उचलले, तर पायांचा जोर मिळणाऱ्या जर्कमध्ये २३०! त्याची ताकद वादातीत होती, पण प्रकाराचे मूळ रूप किती बदलले होते, हे या आकड्यांवरून कळते. पाठीच्या दुखापतींची चिंता होतीच, परंतु ती या झुकण्यातून आली होती आणि निर्णय एकसारखा देणे पंचांना अशक्य झाले होते.

काटेकोर प्रेस वेगळा असतो. पकड खांद्यांपेक्षा किंचित रुंद, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात सरळ उभा, पोट आणि नितंब घट्ट. बार हनुवटीपाशी येताच मान थोडी मागे घ्यावी, म्हणजे त्याला सरळ वर जायला वाट मिळते, आणि तो कपाळाच्या वर गेला की डोके दंडांच्या मध्ये आणावे. शेवटी बार डोक्यावर, तळपायाच्या मध्याच्या सरळ रेषेत यायला हवा. स्नॅच आणि जर्क दोन्ही डोक्यावरच संपत असताना खांद्यांची ही तयारी टाळून कसे चालेल?

प्रशिक्षकांना विनंती आहे की, मुलांना रिकाम्या बारने सुरुवात करू द्यावी, बाजूला उभे राहून त्यांची कंबर पाहावी आणि ती मागे वाकू लागली तर वजन कमी करावे, व्यायाम बंद करू नये.

आपला,
वेटलिफ्टिंगप्रेमी वाचक, सांगली