वहिनी, मदरबोर्ड निवडायला मदत केलीत त्याबद्दल मनापासून आभार

वहिनी, सप्रेम नमस्कार,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "अरे त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, चहा टाकायला उठता, म्हणून यावेळी सगळ्यांसमोर लिहितोय. आणि दुसरं कारण असं की आपल्या इंदूरमध्ये माझ्यासारखी बरीच पोरं आहेत जी दिवसभर लग्न-मुंजीचे व्हिडिओ एडिट करतात आणि रात्री त्याच मशीनवर गेम खेळतात, दोन मशीन घेण्याएवढे पैसे कोणाकडेच नसतात, आणि असं एक मशीन बनवताना प्रत्येकाला वरच्या मजल्यावर तुमच्यासारख्या वहिनी मिळतीलच असं नाही. तर तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांनाही कळू दे, तुमची परवानगी मी गृहीत धरतोय.

प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणतं हे सांगणारे ढीगभर भेटतात. मदरबोर्डचं, म्हणजे ज्यावर हे सगळं बसतं त्या मुख्य बोर्डाचं, नाव काढलं की बहुतेक जण म्हणतात कुठलाही घे, त्याने काय फरक पडतो. तुम्ही पहिल्याच दिवशी बोर्डाचं नाव न घेता वही मागितलीत आणि म्हणालात, कामाच्या अगदी गर्दीच्या दिवशी या मशीनला काय काय लागलेलं असेल ते सगळं लिही. मग मी लिहीत गेलो, ग्राफिक्स कार्ड एक, विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी एक एनव्हीएमई (बोर्डावरच बसणारी वेगवान एसएसडी), चालू प्रोजेक्टच्या फुटेजसाठी दुसरी एनव्हीएमई, जुन्या लग्नांचा डेटा असलेल्या दोन साटा हार्डडिस्क (वायरने जोडायच्या, हळू चालणाऱ्या), कार्ड रीडर, माइकचा ऑडिओ इंटरफेस, कीबोर्ड, माउस, हेडफोनचा डोंगल, आणि पार्टी स्वतःची हार्डडिस्क घेऊन दारात उभी असते ती वेगळीच. पान भरलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आता हे सगळं एकाच वेळी पुरवेल असा बोर्ड शोधायचा, आणि ज्या गोष्टी या पानावर नाहीत त्यासाठी एक रुपया जास्त द्यायचा नाही. ते पान अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

सॉकेटचं, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचं, तुम्ही पटकन उरकलंत कारण त्यात फार घोळ नव्हता. एएमडी कंपनीचा एएम४ स्वस्त पडतो, त्यात डीडीआर४ रॅम चालते, पण तो २०१६ पासूनचा सॉकेट आहे, त्याला जे मिळायचं ते जवळपास मिळून गेलंय. एएम५ २०२२ मध्ये आला, त्यात फक्त डीडीआर५ चालते म्हणजे सुरुवातीला खिसा जास्त हलका होतो, पण एएमडीने तो २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू असं जाहीर केलंय, म्हणजे पुढे नुसता प्रोसेसर बदलून काम भागू शकतं. इंटेलला तुम्ही कधीच वाईट म्हणाला नाहीत हे मला फार आवडलं. उलट तुम्हीच सांगितलंत की ज्यांचे कॅमेरे १० बिट ४:२:२ मध्ये (म्हणजे ४:२:० पेक्षा रंगांची जास्त माहिती ठेवून) शूट करतात त्यांना इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ झटपट उलगडणारा भाग, फार कामाचं, मात्र मग नावाच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर घ्यायचा नाही कारण त्यात ते ग्राफिक्सच नसतं, आणि बोर्डाच्या बायॉसमध्ये (मशीन चालू होताना आधी चालणारं बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) ते ग्राफिक्स चालू आहे ना हेही बघायचं. माझे दोन्ही कॅमेरे ४:२:० वाले, म्हणून मी रायझन ९ ७९०० वर गेलो.

आता व्हीआरएम, म्हणजे बोर्डावरचा प्रोसेसरला योग्य व्होल्टेज पुरवणारा भाग. याबद्दल जितकं लिहीन तितकं कमी आहे कारण हे मला आजवर कोणीच नीट समजावलं नव्हतं. पॉवर सप्लायकडून बोर्डात १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा व्होल्ट, आणि प्रोसेसर २०० वॅट ओढत असेल तर त्या सव्वा व्होल्टला दीडशे अँपिअरच्या वर करंट जातो, तो सगळा प्रोसेसरच्या शेजारच्या त्या छोट्या छोट्या काळ्या चिपांमधून. तुम्ही म्हणालात, पालखीला खांदे जितके जास्त तितका प्रत्येकावर भार कमी, फेजचं, म्हणजे करंट वाटून घेणाऱ्या व्हीआरएमच्या एकेका शाखेचं, तसंच आहे, पण खांदा देणारा दमदारही पाहिजे, म्हणून नुसतं बॉक्सवर १४+२+१ लिहिलंय म्हणून भुलायचं नाही, एकेक फेज किती अँपिअरची आहे ते बघायचं आणि त्यावरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) खरंच जाडजूड आहे की नुसता शोभेचा पत्रा आहे ते बघायचं. गेममध्ये प्रोसेसरला मधेमधे उसंत मिळते. रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवणं, लावला की सगळे कोर एकदम भिडतात आणि तासन्‌तास भिडलेलेच असतात, व्हीआरएम तापला की बोर्ड स्वतःच प्रोसेसरचा वेग खाली आणतो आणि आपल्याला वाटतं सॉफ्टवेअर स्लो झालंय. त्यात आपला मे महिना, बाहेर ४२ अंश, खोलीत नुसता कूलर. म्हणून तुम्ही युट्यूबवरचे फक्त तेच रिव्ह्यू बघायला लावलेत ज्यात बोर्डवर तासभर लोड टाकून तापमान मोजलंय.

आणि मी म्हटलं की माझा ७९०० तर ६५ वॅटचा आहे, जास्तीत जास्त ८८ वॅट ओढतो, त्याला एवढा व्हीआरएम कशाला, तर तुमचं उत्तर मला अजून तसंच्या तसं आठवतं, "अरे बोर्ड आजच्या प्रोसेसरसाठी घेऊ नकोस, तीन वर्षांनी जो बसवशील त्याच्यासाठी घे." १६ कोरचा १७० वॅटवाला बसवला तर तो २३० पर्यंत जातो. हे गणित दुकानात कोणी करून देत नाही वहिनी.

चिपसेटच्या, म्हणजे बोर्डावरचे पोर्ट आणि स्टोरेज सांभाळणाऱ्या चिपच्या, बाबतीत तुम्ही माझे पैसे सरळ सरळ वाचवलेत. एक्स६७०ई चे बोर्ड दिसायला एकदम भारी, पण त्यांच्यात जास्तीचं जे आहे, म्हणजे जास्त लेन (डेटा जायचे रस्ते), जास्त पोर्ट, त्यातलं माझ्या वहीच्या पानावर फारसं काही नव्हतं. ए६२० मध्ये मला जे लागतं ते कमी पडत होतं. मग बी६५०. प्रोसेसर तोच, कार्ड तेच, तर नुसता महाग बोर्ड घेऊन गेमचे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढत नाहीत, हे तुम्ही इतकं ठामपणे सांगितलंत की मी निश्चिंत झालो. वाचलेल्या पैशात ६४ जीबी रॅम आली आणि यूपीएस आला.

मॅन्युअलचा दिवस तर मी विसरणारच नाही. कंपनीच्या साइटवरून पीडीएफ उतरवून तुम्ही लॅपटॉपवर उघडलीत, चकचकीत फोटोंची पानं भराभर सरकवलीत आणि स्टोरेजच्या तक्त्याखाली जी बारीक अक्षरातली टीप असते तिथे बोट ठेवलंत. एम.२ चा, म्हणजे एनव्हीएमई बसवायचा, तिसरा स्लॉट वापरला तर साटाचे दोन पोर्ट बंद. म्हणजे ज्या बोर्डावर माझं जवळपास ठरत आलं होतं त्यावर पुढे तिसरी एनव्हीएमई लावली असती तर जुन्या लग्नांच्या दोन्ही हार्डडिस्क दिसेनाशा झाल्या असत्या. मग खाली दुसरा लांब स्लॉट दाखवलात, दिसायला १६ लेनचा, आत जोडलेल्या मात्र चारच. आणि चिपसेट व प्रोसेसर यांच्यामध्ये बी६५० वर पीसीआयई ४ या जोडणीच्या चारच लेन असतात, सेकंदाला साधारण ८ जीबी, त्यात खालची एनव्हीएमई, साटा, बरेचसे यूएसबी, लॅन सगळ्यांचा वाटा, म्हणून चालू फुटेजची एनव्हीएमई थेट प्रोसेसरला जोडलेल्या स्लॉटमध्येच लावायची. हे एवढं एक वाक्य मी आतापर्यंत कितीतरी मित्रांना सांगितलंय.

रॅमचंही तसंच. मी १६ जीबीच्या चार काड्या बघत होतो कारण चारही स्लॉट भरलेले छान दिसतात, तुम्ही एएमडीचाच तक्ता दाखवलात, दोन काड्यांना अधिकृत वेग ५२०० आणि चार लावल्या की ३६००. मग ३२ च्या दोन घेतल्या, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. एक्सपो (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी बायॉसमधली सेटिंग) चालू करायला विसरू नको हेही तुम्ही फोन करून आठवण दिलीत.

सिल्व्हर मॉलला तुम्ही सोबत आलात ते तर मी मागितलंही नव्हतं, ऑफिसमधून थकून आला होतात, तरी आलात. दुकानदार तसा चांगला होता, पण "भिया ले जाओ, सील पैक है" म्हणत बॉक्स पिशवीत घालायला लागला तेव्हा तुम्ही शांतपणे तिथेच उघडायला लावलात. एएम५ मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, १७१८, आणि एक जरी वाकलेली निघाली तर घरी गेल्यावर कंपनी म्हणणार तुम्हीच वाकवली, फिजिकल डॅमेज वॉरंटीत बसत नाही. तुम्ही मोबाइलचा टॉर्च अगदी तिरका धरलात, मला म्हणालात सरळ उजेडात काही कळत नाही, तिरक्यात सगळ्या पिना एका ओळीत चमकल्या पाहिजेत, जिथे चमक तुटेल तिथे पिन वाकलीय. एकेक कोपरा बघून झाल्यावर काळं प्लास्टिकचं झाकण परत लावलंत आणि ते जपून ठेव म्हणालात, वॉरंटीला बोर्ड पाठवताना ते लागतं. शेजारच्या काउंटरवरचे दोन मुलगे त्यांचं काम सोडून बघत होते, त्यातल्या एकाने लगेच स्वतःचाही बॉक्स उघडायला लावला.

मागे बायॉस फ्लॅशबॅकचं बटण आहे का हेही तुम्ही तिथेच बघितलंत, त्याने प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायॉस बदलता येतो, पुढे नवीन प्रोसेसर आणला आणि जुन्या बायॉसने तो ओळखला नाही तर कोणाकडे धावायला नको. कॅबिनेटच्या पुढच्या टाइप सी पोर्टसाठी बोर्डवर वेगळा हेडर, म्हणजे वायर जोडायची जागा, लागतो, तोही तपासलात, मला तर असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

आणि पहिल्यांदा मशीन चालू केलं तेव्हा पंखे फिरतायत आणि स्क्रीन काळी, काहीच येत नाही, आईचा चेहरा उतरला पण मी निवांत बसलो होतो, कारण तुम्ही आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की डीडीआर५ चं ट्रेनिंग चालतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, काही मिनिटं स्क्रीन काळीच राहील, बटण दाबून बंद करायचं नाही. आलं थोड्या वेळाने.

यंदा रंगपंचमीच्या गेरचं (रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीचं) फुटेज, राजवाड्यावरचं, दोन कॅमेरे आणि ड्रोन, कार्डं कॉपी होत असतानाच मी टाइमलाइनवर कापाकापी करत होतो आणि काहीही अडकलं नाही. उन्हाळ्यातल्या लग्नांचे रेंडर कूलरसमोर पूर्ण झाले, व्हीआरएमचं तापमान मी तुम्ही सांगितलेल्या सॉफ्टवेअरमध्ये बघत असतो, अजून एकदाही चिंता वाटावी असं काही दिसलं नाही. रात्री धाकटा भाऊ खेळतो, तोही खूश.

वहिनी, तुम्ही मला एका वाक्यात बोर्डाचं नाव सांगून मोकळ्या होऊ शकला असतात आणि मी तोच घेतलाही असता. तुम्ही इतक्या संध्याकाळी माझ्यासाठी दिल्यात, प्रत्येक गोष्टीचं कारण सांगितलंत, माझा तोच तोच प्रश्न परत आला तरी वैतागला नाहीत. दादांनी कॅबिनेट जिन्यावरून उचलून आणलं त्यांचेही आभार. राजेंद्रनगरचा माझा एक मित्र आता मशीन बनवतोय, त्याचा कॅमेरा ४:२:२ वाला आहे म्हणून तो इंटेल बघतोय, रविवारी वही आणि बी७६० या इंटेलच्या चिपसेटच्या दोन बोर्डांची मॅन्युअलं घेऊन आम्ही दोघं वर येतोय, चहा आम्ही करू, तुम्ही फक्त बसा.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा